कान, गाय आणि एक चांदणी

झरी जामणी तालुक्यात कानाला चार नावे आहेत. मराठी माणूस ‘कान’ म्हणतो, तेलुगू बोलणाऱ्या घरांत ‘चेवि’ म्हणतात, गोंडीत ‘केवि’ आणि कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, ‘केव’. एकाहून अधिक कान असले तर कोलामीत ‘केवुल’. यवतमाळ जिल्ह्याचा हा तालुका पैनगंगेला लागून आहे, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. नदीच्या दोन्ही बाजूंना या चारही भाषा कित्येक पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदत आल्या आहेत. मुकुटबनच्या बाजारात कापसाच्या भावाची बातमी ऐकणारे कान सगळ्यांचे सारखेच, पण त्यांची नावे दोन निराळ्या घराण्यांतली. ‘कान’ हा संस्कृत ‘कर्ण’चा वंशज, बाकीचे तीन शब्द द्राविड कुळातले. या तिघांवर जरा वेळ नजर स्थिरावली की एक प्रश्न मनात घोळू लागतो. ‘केवि’, ‘केव’ आणि ‘चेवि’ ही एकाच आईची लेकरे असतील, तर त्या आईचे नाव काय होते?

तुलनात्मक व्युत्पत्तीच्या कोशांत अशा आईचे नाव छापताना त्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी देतात. चांदणीचा अर्थ असा, की हा शब्द कुठल्याही शिलालेखात सापडलेला नाही, कुणी लिहून ठेवलेला नाही, आज जिवंत असलेल्या कुणाच्याही तोंडून तो ऐकू येणार नाही. लेकरांच्या चेहऱ्यांवरून तो अनुमानाने उभा केला आहे. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने ग्रीक, संस्कृत, लॅटिन यांच्या पूर्वजासाठी ही खूण पद्धतशीर वापरली आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. द्राविड भाषांच्या अभ्यासात कानाच्या मूळ शब्दापुढे ‘केवि’च्या जवळपासचे रूप याच चांदणीसह मांडतात. अशा शब्दाविषयी मनात शंका येणे स्वाभाविक आहे. जो शब्द कुणी ऐकला नाही तो खरा कसा मानायचा? माझे म्हणणे असे, की या चांदणीतल्या शब्दांत खरेपणा आहे आणि त्याची कसोटी शब्दाच्या अर्थात किंवा वरवरच्या साम्यात नसते. ती असते शब्द बदलण्याच्या शिस्तीत, आणि त्याहूनही अधिक शब्द विभक्तीत जसा वाकतो त्या वाकण्यात.

आधी कानाचेच घेऊ. मूळ शब्दात ‘क’ होता की ‘च’? ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. ‘ए’ किंवा ‘इ’ म्हणताना जीभ पुढे सरकून वर येते. ‘के’ म्हणताना जिभेला मागून पुढे यावे लागते, आणि रोजच्या बोलण्यात ती आधीच पुढे निघते. पिढ्यान्‌पिढ्या असे झाले की ‘के’चा ‘चे’ होतो. लॅटिनमध्ये शंभराला ‘केन्तुम’ म्हणत, इटालियनमध्ये त्याचे ‘चेन्तो’ झाले. उलटा प्रवास, म्हणजे ‘चे’चा ‘के’ होणे, फार विरळा. म्हणून तेलुगू ‘चेवि’ ही बदललेली लेक, आणि गोंडी-कोलामीने आईचा ‘क’ जपला, असा निष्कर्ष निघतो. कन्नडची साक्षही याच बाजूची आहे. कानाला कन्नड ‘किवि’ म्हणते. तलावाला कन्नड ‘केरे’ म्हणते आणि तेलुगू ‘चेरुवु’.

तमिळची साक्ष मात्र थोडी आडवळणाची आहे आणि म्हणूनच अधिक मोलाची. तमिळमध्येही कान म्हणजे ‘चेवि’, पण ऐकणे म्हणजे ‘केळ्’. कानातला ‘क’ गेला आणि ऐकण्यातला राहिला! पोपटालाही तमिळ ‘किळि’च म्हणते, तेलुगूत मात्र त्याचा ‘चिलुक’ झालेला आहे. कारण तमिळमध्ये पुढे ‘ळ’, ‘ट’ यांसारखे मूर्धन्य व्यंजन आले की ‘क’ हलत नाही. त्या व्यंजनासाठी जिभेला मागे वळायचे असते, ती पुढे धावत नाही. तेलुगूने हा अपवाद मानला नाही. म्हणजे तमिळ आणि तेलुगू यांच्यात हा बदल आपापल्या वाटेने, आपापल्या नियमाने झाला. इतका बारकावा योगायोगाने जुळून येत नाही. नियम आहे, नियमाला अपवाद आहे, आणि अपवादालाही जिभेच्या वळणातले कारण आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कोलाम हा संख्येने लहान समाज, महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. भोवती मराठी आणि तेलुगूचा पसारा. कोलामीने या दोघींकडून शब्द भरपूर घेतले आहेत, वरच्या आकड्यांसाठी तर शेजारच्या भाषेचेच शब्द चालतात. मग ‘केव’ हा शब्दही उसनाच कशावरून नसेल? उत्तर शब्दातच आहे. तो तेलुगूकडून घेतला असता तर ‘च’ घेऊन आला असता, मराठीकडून घेतला असता तर ‘कान’ आला असता. उसना शब्द देणाऱ्याच्या घरचा उच्चार अंगावर घेऊन येतो. शेजारणीने तो उच्चार कधीच टाकून दिलेला असताना कोलामीत ‘क’ ठामपणे उभा आहे, याचा अर्थ तो तिच्या स्वतःच्या पूर्वजांकडून आला आहे. शिवाय एक गोष्ट अशी आहे, जी सहसा कुणी उसनी घेत नाही. कोलामीत ‘मी’ला ‘आन’ म्हणतात, पण ‘मला’, ‘माझा’ म्हणायची वेळ आली की दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो आणि अंग ‘अन्‌’ असे उरते. जुन्या तमिळमध्ये ‘यान्‌’ आणि ‘एन्‌’, जुन्या कन्नडमध्ये ‘आन्‌’ आणि ‘एन्‌’: कर्ता म्हणून दीर्घ, विभक्ती लागली की ऱ्हस्व. हजार मैलांच्या अंतरावरचे, एकमेकांना न ओळखणारे लोक आपल्या सर्वनामाला एकाच जागी एकाच तऱ्हेने वाकवतात. शब्द बाजारात विकत मिळतात, हे वाकणे मात्र लेकरू आईच्या मांडीवरच शिकते.

हीच कसोटी ग्रीक आणि संस्कृतला लावून पाहू, कारण चांदणीची पद्धत त्यांच्याच पूर्वजासाठी घडली. शाळेत ज्यांनी संस्कृत घेतले त्यांच्या स्मरणात ‘गो’ शब्द नक्की असेल: गौः, गावौ, गावः, आणि द्वितीयेत गाम्‌. या शब्दाने पुष्कळांना छळले आहे. बऱ्याच रूपांत ‘व’ डोकावतो, ‘गवा’, ‘गवे’, ‘गवि’. पण ‘गाम्‌’मध्ये तो अचानक नाहीसा होतो. नियमाने तिथे ‘गावम्‌’सारखे काहीतरी यायला हवे होते. आता ग्रीककडे वळा. गाय-बैलाला ग्रीकमध्ये ‘बूस’ म्हणतात. नेहमीची द्वितीया ‘बून’, पण होमरच्या इलियडमध्ये एका जागी ‘बोन’ असे दीर्घ ओकाराचे जुने रूप आले आहे. तिथे त्याचा अर्थ गाईच्या कातड्याची ढाल. त्या रूपातही मधला ‘व’ नाही, आणि स्वर दीर्घ आहे, अगदी ‘गाम्‌’सारखा. हे एकाच शब्दाचे नाही. ‘द्यौः’ म्हणजे आकाश, त्याची द्वितीया ‘द्याम्‌’, पुन्हा ‘व’ गायब. ग्रीकचा ‘झेउस’ हा ‘द्यौः’चाच भाऊ, आणि होमरमध्ये त्याची द्वितीया ‘झेन’ मिळते. तिथेही तेच. या लोपाचा नियम नॉर्वेच्या ख्रिश्चन स्टांग यांच्या नावाने ओळखला जातो. पाठांतरात जी रूपे मुलांना अन्यायाची वाटतात ती सर्वांत जुनी निघतात. सरळ, नियमित रूप कुठल्याही पिढीला नव्याने घडवता येते. वाकडे रूप कुणी हौसेने घडवत नाही, ते फक्त वारशाने मिळते.

पण ‘बूस’ आणि ‘गौः’ यांत सारखे काय आहे? ऐकणाऱ्याला काहीच नाही. इथेच वरवरच्या साम्याची कसोटी किती लंगडी आहे ते दिसते. ग्रीकमध्ये देवाला ‘थेऑस’ म्हणतात. ‘देव’ आणि ‘थेऑस’, अर्थ एक, कानाला जवळचे, आणि तरी दोघांचे रक्ताचे नाते नाही; ‘देव’चे नाते लॅटिन ‘देउस’शी आहे. उलट ‘बूस’ आणि ‘गौः’ कानाला परके, पण सख्खे. कारण संस्कृतच्या ‘ग’च्या जागी ग्रीकमध्ये ‘ब’ येणे ही सुटी घटना नाही. संस्कृतात ‘गम्‌’, ग्रीकमध्ये जाणे-चालणे ‘बाइनो’. संस्कृतात ‘गुरु’ म्हणजे जड, ग्रीकमध्ये जड म्हणजे ‘बारुस’. हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरच्या नावातला पहिला तुकडा आणि आपला ‘गुरु’ एकाच मुळाचे. ‘ग’ आणि ‘ब’ यांचा पूर्वज एकच असायचा तर तो ओठ गोल करून म्हटलेला ‘ग्व’ असला पाहिजे, असे एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ठरवले. संस्कृतने त्यातले ओठ सोडले, ग्रीकने जिभेचे मूळ सोडले. असा ‘ग्व’ असलेले ग्रीक तोवर कुणी पाहिले नव्हते. तो केवळ चांदणीखालचा ध्वनी होता.

मग १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने ‘लिनिअर बी’ लिपी उलगडली. क्रीट बेटावरच्या क्नॉसॉसला १९०० पासूनच्या उत्खननात आणि ग्रीसमधल्या पायलॉसला १९३९ मध्ये मातीच्या पाट्या निघाल्या होत्या, त्यांच्यावर ही लिपी होती. पाट्यांची भाषा ग्रीक निघाली, होमरच्याही कित्येक शतके आधीची. पायलॉसचा राजवाडा इसवी सनापूर्वी १२००च्या सुमारास जळाला आणि त्या आगीतच या कच्च्या पाट्या भाजून टिकल्या. त्यांत मेंढ्यांची, तेलाची, कामकऱ्यांची टिपणे आहेत, आणि त्यांत गुराख्यासाठी एक शब्द आहे: ‘क्वो-उ-को-रो’. पुढच्या काळात ग्रीकमध्ये गुराख्याला ‘बूकोलॉस’ म्हणत. पाटीत पहिल्या अक्षराला ‘ब’ची खूण नाही, ‘क्व’ आणि ‘ग्व’ या गोल ओठांच्या ध्वनींसाठी त्या लिपीत जी वेगळी खूण होती, ती आहे. अनुमानाने जिथे ध्वनी ठेवला होता, नेमका त्याच जागी तो मातीत निघाला. हे एकदाच घडले असेही नाही. फेर्दिनां द सोस्यूर यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८७८च्या आपल्या प्रबंधात, केवळ स्वरांच्या वागण्यावरून काही हरवलेल्या ध्वनींचे अनुमान केले होते. पुढे याच कुळातली प्राचीन हित्ती भाषा वाचता आल्यावर, १९२७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवून दिले, की त्या जागांपैकी काही ठिकाणी हित्तीत खरोखरच ‘ख’सारखे व्यंजन लिहिलेले आहे. संस्कृत ‘अस्थि’, ग्रीक ‘ऑस्टेऑन’, हित्ती ‘खश्ताइ’.

‘बूकोलॉस’पाशी थोडे थांबायला हवे. त्याचा पहिला भाग गाय. दुसरा भाग ज्या मुळातून आला, त्याचा अर्थ फिरणे, सांभाळत हिंडणे; त्याच मुळातून संस्कृतचा ‘चर्‌’ धातू आला. म्हणजे ग्रीक गुराख्याच्या नावाचे दोन्ही तुकडे जोडीने आपल्याकडे आहेत. संस्कृतात गाई चरण्याच्या जागेला ‘गोचर’ म्हणत, आणि झरी जामणीच्या शिवारात आजही गुराखी गाई चारायलाच नेतो. पण ग्रीकमध्ये ‘को’ आणि इथे ‘च’, असे का? कारण इथेही जिभेने तीच वाट धरली, जी तिने तेलुगूच्या कानात धरली होती. ‘चर्‌’मध्ये पूर्वी ‘ए’ होता. त्या ‘ए’ने आधीच्या ‘क’ला पुढे ओढून ‘च’ केले, आणि मग संस्कृतने त्या ‘ए’चा ‘अ’ करून टाकला. ओढणारा निघून गेला, ओढल्याची खूण राहिली. ही खूण प्रत्येक संस्कृत वाचणाऱ्याने पाहिलेली आहे. ‘कृ’चे भूतकाळी रूप ‘चकार’, ‘गम्‌’चे ‘जगाम’. द्वित्व करायचे तर ‘ककार’, ‘गगाम’ का नाही? कारण द्वित्वाच्या पहिल्या अक्षरात एके काळी ‘ए’ होता आणि दुसऱ्यात ‘ओ’. ‘ए’समोरचा ‘क’ बदलला, ‘ओ’समोरचा राहिला. पाणिनीने या रूपांना चोख नियम दिला. त्यामागचे कारण मात्र संस्कृतच्या आत राहून दिसण्यासारखे नव्हते, त्यासाठी ग्रीक आणि लॅटिन स्वरांची साक्ष लागली.

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, आणि तो पहिल्याहून जड आहे. चांदणीखालचे शब्द दर पिढीला बदलतात. श्लायखरने १८६८ मध्ये त्या पूर्वज भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी गोष्टच लिहिली होती. ती वाचली तर जवळजवळ संस्कृत वाटते, कारण संस्कृतचा ‘अ’ हाच मूळ स्वर असे त्याच्या काळी मानत. १८७०च्या दशकात ‘चकार’सारख्या रूपांचे कोडे सुटले आणि ‘ए’, ‘ओ’ हे ग्रीकने जपलेले स्वर जुने ठरले. १९३९ मध्ये हर्मान हिर्ट यांनी पुन्हा लिहिलेली तीच गोष्ट प्रसिद्ध झाली, तेव्हा ती ओळखू येऊ नये इतकी निराळी दिसली. त्यानंतरही ती अनेकांनी नव्याने लिहिली. जो पूर्वज असा रूप पालटत राहतो, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मला वाटते, या बदलांची दिशा पाहावी. गाईच्या शब्दाचा स्वर किती लांब होता यावर वाद होत राहिले, पण ‘बूस’ आणि ‘गौः’ एकाच शब्दातून आले यावर फेरविचार करावा लागला नाही. ‘गाम्‌’ आणि ‘बोन’ यांची जोडी तशीच राहिली. नवी साक्ष आली की आकृतीच्या कडा सरकतात, तिच्या आतले नाते सरकत नाही. आणि श्लायखरची चूक ज्या पुराव्याने दुरुस्त झाली, त्यातला अर्धा संस्कृतनेच स्वतःच्या विरुद्ध दिला. आपण सर्वांत जुने नाही, हे ‘चकार’मधल्या ‘च’ने सांगितले.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. वंशवृक्ष काढला की भाषा फांद्यांसारख्या सुट्या दिसतात, आणि चांदणीखाली एक शुद्ध, एकजीव भाषा होती असा भास होतो. तशी भाषा कधीच नसते. त्या पूर्वज भाषेतही गावोगावी वेगळे उच्चार असणार, शेजाऱ्यांकडून घेतलेले शब्द असणार. चांदणीखालचा शब्द हा त्या बोलण्याचा सांगाडा आहे, त्याचे मांस नाही. त्या गुराख्याने गाईला हाक कशी मारली असेल, हे कुठल्याही नियमाने परत येत नाही. जे सिद्ध करता येते ते सिद्ध मानावे आणि जिथे पद्धत थांबते तिथे आपणही थांबावे, एवढा संयम या अभ्यासाने शिकवला तर आपली भाषा सर्व भाषांची जननी असे सांगणाऱ्या पुस्तकांची संख्या आपोआप कमी होईल. जननी कुणीच नाही. संस्कृत ही ग्रीकची बहीण आहे, तमिळ ही कोलामीची बहीण आहे. लिहिलेली बहीण न लिहिलेल्या बहिणीहून वडील ठरत नाही.

कोलामीचे हे मोल ओळखणाऱ्यांत एक नाव मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीचे आहे, पण वेगळ्या कारणासाठी. सेतुमाधवराव पगडी हे आपल्याला शिवकालाचे इतिहासकार म्हणून माहीत. हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबाद भागात त्यांनी कोलामी आणि गोंडी आत्मसात केल्या आणि १९५० मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मरे एमेनो या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात वर्ध्याकडची कोलामी ऐकून टिपली होती, तिचे पुस्तक १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढले. पुढे एमेनो आणि टॉमस बरो यांनी १९६१ मध्ये द्राविड भाषांचा व्युत्पत्तिकोश सिद्ध केला, तेव्हा तमिळच्या दोन हजार वर्षांच्या ग्रंथसंपदेशेजारी पोडावरचा ‘केव’ त्याच ओळीत, त्याच अधिकाराने बसला. त्या पानावर तमिळ ‘चेवि’ने ‘क’ गमावल्याचे आणि कोलामीने राखल्याचे एका नजरेत दिसते. ज्यांच्या भाषेला शाळेत पुस्तक नव्हते, ज्यांची नोंद कचेरीत फक्त जमात म्हणून होत असे, त्यांच्या तोंडात हा पुरावा शाबूत होता. या भाषेत घरी बोलणारे मूल आज मराठी शाळेत जाते. त्याला तिथे ‘कान’ शिकवतात, ते योग्यच आहे. पण ‘केव’ हा शब्द अडाणी आहे असे त्याला कुणी भासवले, तर ते केवळ कठोर नाही, ज्ञानाच्या दृष्टीने चूक आहे.

मराठीला तर या शेजाराचा अभ्यास स्वतःसाठीही करायला हवा. आपल्या ‘मी’चेच पाहा. संस्कृतचा ‘अहम्‌’ आपण सोडला आणि तृतीयेच्या ‘मया’पासून ‘मी’ घडवला. गुजरातीच्या ‘हुं’मध्ये ‘अहम्‌’ अजून ऐकू येतो. म्हणजे इथे मराठीने रूप मोडले आणि नवे जोडले. त्याच वेळी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद तिने उभा केला, ज्यात ऐकणाऱ्याला वगळायचे की सामावून घ्यायचे ते आधीच ठरते. संस्कृतच्या ‘वयम्‌’मध्ये हा भेद नव्हता. कोलामीत आहे, गोंडीत आहे, तेलुगूत आहे. ‘आपण’ हा शब्द ‘आत्मन्‌’चा, घरचाच, पण तो ज्या खोबणीत बसला ती खोबणी शेजारची. मग आपल्या सामान्यरूपाचे काय? ‘घोडा’ आणि ‘घोड्या-ला’, ‘झाड’ आणि ‘झाडा-ला’: आधी अंग वाकवायचे, मग त्याला प्रत्यय टेकवायचा. वाकलेले अंग जुन्या षष्ठीतून आले हे झ्यूल ब्लॉक यांच्यापासूनच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. पण त्या अंगाला इतके काम लावायचे, प्रत्येक नामाला अशी दोन रूपे द्यायची, ही सवय आपल्यात आपोआप मुरली, की ‘आन’ आणि ‘अन्‌’ म्हणणाऱ्यांच्या सहवासात ती घट्ट झाली? उत्तरेतल्या भाषाही अंग वाकवतात, तेव्हा नुसत्या साम्यावरून निकाल देता येणार नाही, तीच कडक कसोटी इथेही लावावी लागेल. तिच्यासाठी लागणारा पुरावा अर्धा जुन्या मराठीच्या पोथ्यांत आहे. उरलेला पुस्तकांबाहेर आहे. त्यासाठी पैनगंगेच्या काठी, झरी जामणीपासून आदिलाबादपर्यंत, कोलामी बोलणाऱ्यांजवळ बसून ते आपली नामे कशी चालवतात ते पोडागणिक टिपावे लागेल.